‘लोक म्हणतात’ म्हणजे कोण म्हणते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय चारचौघींत बोलायचा नव्हे, असे दोघीतिघींनी मला आधीच बजावले. पण ज्या गोष्टीपायी बायांच्या जिवावर बेतते, ती बायांच्या मंडळात बोलायची नाही, तर मग बोलायची कुठे? विषय गर्भपाताचा आहे. त्यातही, गर्भपाताबद्दल ‘लोकांचे मत’ म्हणून जे आपल्या कानावर येते, त्यावर कितपत विश्वास ठेवावा, एवढेच मी बोलणार आहे.

आपल्या वऱ्हाडात सगळ्या तोंडांना एकच कुलूप. “लोकं काय म्हनतीन?” अमरावतीस जा की अकोल्यास जा, किल्ली कुणाजवळ नाही. पण हे लोक मोजले कुणी? विचारले कुणाला?

आपल्याच भागातले उदाहरण घ्या. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवर आपले मूल मारल्याचा खटला झाला. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त बायकांच्या चालचलणुकीवर लेख येऊ लागले. ते वाचणाऱ्यास वाटावे की साऱ्या देशाचे मत हेच. परंतु ज्यांच्याविषयी लिहिणे चालले होते, त्या बायकांना कुणी एका शब्दाने विचारले नव्हते. तेव्हा आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक छापून पुरुषांनाच जाब विचारला. छापून आलेले मत आणि सगळ्यांचे मत यांत केवढे अंतर असते, हे त्या माउलीने तेव्हाच दाखवून दिले.

आता आजचे पाहू. १९६४ साली सरकारने गर्भपाताच्या प्रश्नावर एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. पुढे १९७१ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बाईच्या जिवाला किंवा शरीरामनाच्या प्रकृतीला धोका, बलात्कार, बाळात गंभीर व्यंग, संततिनियमनाचे साधन फसणे, ही ती कारणे. वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत काही ठरावीक परिस्थितीतल्या बायांसाठी दोन डॉक्टरांचे मत लागते. बाई अठरा वर्षांवरची असेल तर संमती तिची एकटीची पुरते, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लग्न न झालेल्या बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा तोच हक्क आहे.

इतके असूनही बाया मला म्हणतात, “बाई, तो तर गुन्हा हाय नं?” हे कुठून आले? भिंतीवरच्या पाट्यांवरून. गर्भातले मूल मुलगा की मुलगी हे तपासणे गुन्हा आहे. त्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला, आणि तो योग्यच आहे. पण मुलगी नको म्हणून पोट पाडणे वेगळे आणि बाईच्या जिवासाठी, अडचणीसाठी कायद्याने केलेला गर्भपात वेगळा. दोन्ही एकाच टोपलीत टाकून मग लोक म्हणतात, ‘समाज याच्या विरुद्ध आहे.’

याचा परिणाम काय होतो ते सांगते. ओळखीच्या घरातली एक सून. पदरी दोन लेकरे, तांबी असूनही तिसऱ्यांदा दिवस गेले. घरात सगळे म्हणाले, ‘दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील, लोक तोंडात शेण घालतील.’ मग कुणीतरी चिठ्ठीशिवाय गोळ्या आणून दिल्या. किती दिवस झाले हे कुणी पाहिले नाही. तीन दिवस रक्त जात होते, तरी तिने पदर तोंडात धरून भाकरी थापल्या. चौथ्या दिवशी शुद्ध हरपली, तेव्हा दवाखाना आठवला. रक्त चढवावे लागले. वाचली, हे नशीब. कायदा तिच्या बाजूने होता. आडवे आले ते न मोजलेले लोकमत.

मग मोजलेले तरी खरे असते का? ते पारखून घ्यावे लागते. २०१८ साली लॅन्सेटच्या एका नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. आपल्या मुंबईच्या देवनारची लोकसंख्या संस्था त्यात होती. २०१५ या एका वर्षात देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा त्यांचा अंदाज. सरकारी नोंदीत मात्र वर्षाला सुमारे सात लाखच येत होते. एवढी तफावत कशी? नोंदवहीत दवाखान्याच्या दारातून आलेली बाईच उतरते. यांनी दुकानांतून गेलेल्या गोळ्याही हिशेबात धरल्या. शेकडा ७३ गर्भपात दवाखान्याबाहेर गोळ्यांनी झालेले निघाले. मात्र दवाखान्यांची पाहणी सहा राज्यांतच झाली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून तो आकडा जसाच्या तसा अकोल्याला चिकटवू नये.

मताचे मोजमाप तर याहून नाजूक. २०१९-२० साली प्यू नावाच्या अमेरिकी संस्थेने भारतात सुमारे तीस हजार जणांना घरोघर जाऊन विचारले. आधुनिक तपासणी करून घरातल्या मुलामुलींची संख्या ‘समतोल’ करणे चालेल का, असा प्रश्न होता. सुमारे शेकडा चाळीसांनी कमीजास्त ‘चालेल’ म्हटले, बेचाळीसांनी ‘मुळीच नाही’. आता पाहा, समतोल हा शब्द किती गोड! ‘मुलगी असेल तर पाडावे का?’ असे विचारले असते तर तेच उत्तर आले असते का? आणि तोंडाने सगळेच म्हणतात, मुलगा-मुलगी सारखीच. जनगणना तोंड पाहत नाही, डोकी मोजते. महाराष्ट्रात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ राहिल्या.

आपल्या मंडळातच मी एकदा विचारून पाहिले. “अडचणीच्या वेळी बाईला गर्भपाताची मोकळीक असावी, असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करा.” सासवा-सुना शेजारी बसलेल्या, दोनचारच हात वर आले. मग तोच प्रश्न चिठ्ठीवर विचारला, नाव न लिहिता. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ‘होय’ निघाले. बाया त्याच, दुपार तीच. यावरून साऱ्या वऱ्हाडाचे मत कळले असे मी म्हणणार नाही. सासूच्या देखत विचारले की उत्तर सासूचे येते, एवढे मात्र कळले.

कापसाची गाडी बाजारात उभी राहिली की जाणता माणूस वरचा कापूस पाहून भाव करत नाही. तो आत कोपरापर्यंत हात घालतो. आकड्याचेही तसेच करावे. कुणी म्हटले, ‘इतके टक्के लोक असे म्हणतात,’ तर विचारावे: कुणी मोजले, पैसा कुणाचा, कुणाला विचारले, बाया त्यांत किती, एकटीला विचारले की घरच्यांदेखत, आणि शब्द कोणते वापरले? उत्तरे मिळाली तर आकडा घ्यावा. नाही मिळाली तर तो पारावरच्या गप्पांत सोडून द्यावा.

आणि शेवटचे. कुणाचे मत काहीही असो, माझ्या मताशी तुमचे जुळलेच पाहिजे असे नाही. पण अडलेल्या बाईला ‘लोक काय म्हणतील’ हे सांगण्याआधी कायदा काय म्हणतो ते सांगा. अमरावतीचे डफरीन आहे, अकोल्याचे लेडी हार्डिंग आहे. लाज वाटत असेल तर आपल्यापैकी एकीने सोबत जावे. मंडळ त्याकरिताच आहे.