ईश्वराविना नीती
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



ईश्वरावर श्रद्धा नसेल तर मनुष्य नीतीने का वागेल, असा प्रश्न तरुण मंडळी वारंवार विचारतात. आपल्याला तो नवा वाटू नये. जगाचा कर्ता व शासक असा ईश्वर जैन दर्शनाने मानलेलाच नाही. तीर्थंकर मार्ग दाखवितात. ते शिक्षा करीत नाहीत आणि पापाची माफीही देत नाहीत. (नवस बोलताना आपण हे विसरतो, तो भाग वेगळा.)

यावर कोणी म्हणेल, ईश्वराच्या जागी तुम्ही कर्म ठेवले. भय तेच राहिले. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. केवळ नरकाच्या धास्तीने तराजू सरळ धरणारा व्यापारी माझ्या मते सावध असतो, नीतिमान नव्हे. परंतु दशलक्षण पर्वानंतरची क्षमावाणी पाहा. ज्याचा अपराध केला, त्याच्याच दारी जाऊन क्षमा मागावी लागते. त्याच्या वतीने क्षमा करणारा वर कोणी नाही. निरीश्वर नीतीचा खरा कस मला येथे दिसतो.

मात्र कर्ता ईश्वर न मानल्याने नीती आपोआप येते, असेही नाही. आपल्याच कुंभोजला १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला व त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जीवमात्राच्या ठायी समान आत्मा पाहणाऱ्या समाजात हे घडले. जगाचा कर्ता आपण मानीत नव्हतो. विटाळ मात्र मानीत होतो.

पुढे १९१९ मध्ये भाऊरावांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकाच पंक्तीस जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळे-ओवळे कसोशीने पाळणाऱ्या जैन घरात वाढलेल्या. त्याच या मुलांच्या आई झाल्या. हे कर, असे त्यांना कोण्या देवाने सांगितले नव्हते. समोर उपाशी मुले होती. त्यांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने गेले आणि अखेरीस मंगळसूत्रही मोडले.

जय जिनेंद्र.