बाकांच्या पेट्या

(हीरक महोत्सवी हस्तकला प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



समोरच्या टेबलावरील लाकडी पेट्या आठवीच्या मुलामुलींनी केल्या आहेत. त्यांचे लाकूड आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे असेल. शाळेच्या माळ्यावर मोडक्या सागवानी बाकांची रास पडून होती. ती भंगारात द्यायचे जवळजवळ ठरलेच होते.

संगणकासाठी वेळापत्रकातून सुतारकामाचे तास वगळले गेले, तेव्हा त्या कागदावर माझीही सही होती. महोत्सवाच्या निमित्ताने ते तास काही महिन्यांसाठी परत आणले. शिकवायला एक वृद्ध मिस्त्री आले. ते गुजराती बोलत, मुले मराठी. आपल्या बडोद्याला याचे नवल नाही. पण त्यांचा ‘रंधो’ म्हणजे आपला रंधा आणि करवत दोन्ही घरची करवतच, हे कळल्यावर मुलांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

नमुना म्हणून मी आजोळची एक पेटी दिली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची ती पेटी. आत १२० गोल पाने, बाहेर रंगवलेली वेलबुट्टी आणि वर सरकते झाकण. बिजागरी नाही, कडी नाही. दोन लांब बाजूंना आतून, वरच्या कडेजवळ एकेक खाच. समोरची आखूड बाजू त्या खाचेइतकी उतरवलेली. तेथून झाकण आत सरकते. दिसायला इतके सोपे, की दोन दिवसांत होईल असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात चार फळ्या काटकोनात आणण्यातच दोन आठवडे गेले. गुण्या लावूनही मिस्त्री प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायला लावत. कर्ण समान असतील तर समांतरभुज चौकोन आयत असतो, हे प्रमेय मुलांनी वहीत पाहिले होते. येथे कर्णांत दोन मिलिमीटरांचा फरक राहिला, की झाकण वाटेतच अडायचे.

एप्रिलमध्ये पेट्या तयार झाल्या. झाकणे खाचेत थोडी हलत होती. मिस्त्री म्हणाले, पावसासाठी जागा ठेवली आहे. मला मात्र ते काम कच्चे वाटले. पाहुण्यांसमोर खडखडणारी पेटी कशी ठेवायची? मी घट्ट झाकणांचा आग्रह धरला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि मुलांना नवी झाकणे करायला लावली.

जुलैत कपाट उघडले, तर बहुतेक पेट्या उघडेनात. लाकूड दमट हवेत फुगते. लांबीत नाममात्र, पण रुंदीत नजरेत भरण्याइतके. दहा सेंटिमीटर रुंदीच्या झाकणाला एक मिलिमीटरची वाढही पुरते. जुने, वाळलेले सागवानही याला अपवाद नाही. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे हात दिले होते. त्याने ओल शिरण्याचा वेग मंदावतो, ओल थांबत नाही. एका मुलीने जोर लावला आणि तिच्या पेटीची बाजू खाचेच्या रेषेत चिरली. ती रडली नाही. तिने मला विचारले, “बाई, मिस्त्रीकाकांनी सांगितलं होतं ना?” मी हो म्हटले. त्या दिवशी मिस्त्रींची क्षमा मी वर्गातच मागितली. ती बाजू तिने सरसाने सांधली आहे. चीर दिसते, ती बुजवू नये असे तिचेच म्हणणे पडले.

मग प्रत्येक झाकणाच्या कडा पुन्हा रंधून घेतल्या. फळीचा तळही खाचेत मोकळाच ठेवला आहे, चिकटवलेला नाही, कारण तेच.

आता माजी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. बाकावर कंपासच्या टोकाने आद्याक्षरे कोरणे हा तेव्हाही अपराध होता, आजही आहे. तरी फळ्या रंधताना ही अक्षरे काढायची की ठेवायची, यावर वर्गात एक अख्खा तास वाद झाला. काहींनी ती काढली; काहींनी ती बाजू झाकणाच्या आत घेतली. तेव्हा झाकणे जरूर सरकवून पाहा. आपले अक्षर सापडले, तर ज्या मुलाने ते जपले त्याला भेटा. सारी मुले टेबलामागे उभी आहेत.

आणि आज डिसेंबरची कोरडी हवा आहे. पेटी हातात घेतल्यावर झाकण किंचित खडखडेल. ते तसेच हवे आहे.