दयेकडून हक्काकडे : रोजगार हमीची ऐतिहासिक मुळे



१६७६ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना एक पत्र पाठविले. त्याचा आशय असा : गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावेत. ज्याच्यापाशी माणूसबळ आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैका द्यावा. ज्याच्या घरी दाणा नाही, त्याला पोटापुरते धान्य द्यावे. वसुली करताना वाढीदिढी न लावता केवळ मुद्दल घ्यावे, तेही हळूहळू, त्याची ऐपत पाहून.

गरिबाला उभे करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, हा विचार आपण परक्यांकडून उसना घेतला असे मानणाऱ्यांनी हे पत्र अवश्य वाचावे. पण केवळ अभिमान बाळगून थांबणेही योग्य नाही. ते पत्र एका द्रष्ट्या राजाच्या विवेकातून आले होते. राजा गेला, कारभारी बदलला, म्हणजे रयतेच्या हाती काय उरते? या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या भाषेत लिहायला महाराष्ट्राला तीनशे वर्षे लागली.

१८७६ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. मुंबई सरकारने सुरुवातीस रस्त्यांची व तलावांची कामे काढली होती. परंतु हिंदुस्थान सरकारला खर्चाची चिंता होती. त्याने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी धाडले. याच टेंपल यांनी १८७४ च्या बिहारच्या दुष्काळात मुक्तहस्ताने धान्य आणून माणसे वाचविली होती आणि उधळपट्टीचा ठपका ओढवून घेतला होता. या वेळी त्यांनी हात आखडला. दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुराला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोख रक्कम एवढीच मजुरी ठरली. अनेक कामांवरील मजूर काम टाकून निघून गेले.

त्यांच्या पाठीशी उभी राहिली ती पुण्याची सार्वजनिक सभा. गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेने गावोगावची माहिती जमविली आणि अर्जांमागून अर्ज धाडले. शहरातील सुशिक्षितांनी खेड्यातील मजुराच्या मजुरीचा हिशेब सरकारपुढे मांडला, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

या दुष्काळात लक्षावधी माणसे दगावली. त्यानंतर स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्याच्या आधारे दुष्काळ संहिता तयार झाल्या. कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, शेतसारा केव्हा तहकूब करावा, हे प्रथमच लेखी ठरले. दयेच्या जागी नियम आला. पण तो इंग्रजीत होता, कचेरीच्या कपाटात होता. ज्याच्यासाठी केला त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

१८९६ साली पुन्हा पाऊस हुकला, तेव्हा लोकमान्य टिळकांनी हे वर्म ओळखले. ‘केसरी’तून त्यांनी संहितेतील तरतुदी सोप्या मराठीत समजावून दिल्या. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी सभा घेऊन सांगू लागले की, पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी गुरे विकू नका. सूट मागा, तो नियम सरकारचाच आहे. सरकार इतके बिथरले की, १८९७ मध्ये त्याने सभेची मान्यता काढून घेतली. सरकारचाच नियम लोकांना वाचून दाखविणे हा अपराध ठरला होता!

स्वातंत्र्यानंतरही एक उणीव उरली. दुष्काळ जाहीर झाला तरच कामे निघत. पण भूमिहीनाच्या घरी सुगी संपताच दरवर्षी दुष्काळ येतो, त्याचे काय? विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी हा प्रश्न लावून धरला. काम मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना त्यांच्याच सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात प्रथम आजमावली गेली. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. मिलो आणि सुकडीचे ते दिवस आजही जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. त्या अनुभवातून रोजगार हमी कायदा आकाराला आला. १९७७ मध्ये तो संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, न मिळाल्यास बेकारी भत्ता. नियमाचा हक्क झाला.

त्यासाठी पैसा कोठून आला? १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर सुरू झाला, तो याच योजनेसाठी. मुंबई-पुण्याच्या नोकरदाराच्या पगारातून कापली जाणारी ती छोटी रक्कम बीड-सोलापूरच्या पाझर तलावावर माती वाहणाऱ्या भगिनीच्या मजुरीत जात होती. नगर आणि ग्राम यांना बांधणारा असा धागा विरळाच. दुर्दैव हे की, कापणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नव्हते आणि ज्याच्या पगारातून कापला जाई, त्याला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

आणि जिथे समाजाचे लक्ष उडाले तिथे कीड लागली. हजेरीपटावर खोटी नावे आली, मजुरी महिनोन्‌महिने रखडली, बांध अर्धवट राहिले. याच योजनेने विहिरी दिल्या, १९९० नंतर कोरडवाहू रानात फळबागा उभ्या केल्या, हेही तितकेच खरे. कायदा एकच, फरक पडला तो तो राबविणाऱ्यांमुळे आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्यांमुळे.

महाराष्ट्राची ही कल्पना २००५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर गेली. १०० दिवसांची हमी मिळाली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याजागी नवा कायदा करून हमी १२५ दिवसांची केली. कायदे बदलतील, नावे बदलतील. पण सार्वजनिक काकांनी आणि लोकमान्यांनी घालून दिलेला धडा बदलणार नाही. राज्याने दिलेला शब्द गरिबाला वाचून दाखवायला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहायला जाणती माणसे गावात जावी लागतात. आपल्या तालुक्यातील एका कामाचा हजेरीपट पाहावा. त्यावरील माणसे खरोखरच कामावर आहेत का, त्यांची मजुरी त्यांच्या हाती पडली का, हे विचारावे. समाजकार्याचा आरंभ इतक्या लहान गोष्टीपासूनही होऊ शकतो.