हिशेबाची खिडकी



चालकांनी आम्हाला बोलावले तेव्हा त्यांची अशी समजूत झाली असावी की हमालांच्या संघटनेत तीस वर्षे काढलेला माणूस मजुरीच्या दरावर बोलेल. मजुरीवरच बोलायचे आहे, पण जरा आडवाटेने. आमचा आजचा विषय आहे सर्व्हर. तोही कुठला परदेशातला मोठा सर्व्हर नव्हे. जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत दहा-बारा ओळी लिहून कचेरीतल्या जुन्या संगणकावर चालवता येतो, तो. आमची शाळा दहावीलाच सुटली. पुढचे शिक्षण अकोल्याच्या बाजारात आणि अमरावतीच्या कचेरीत, लोकांना विचारून विचारून झाले. तेव्हा ह्या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार काय, असे कोणी विचारले तर उत्तर एवढेच की गरज पडली म्हणून शिकलो.

गरज कशी पडली ते आधी सांगतो. बाजारात काम टोळीने चालते. कापूस, तूर, सोयाबीन उतरवायचे, वजनकाट्यावर न्यायचे, थप्पी लावायची, गाडी भरायची. कोण आला, किती पोती उचलली, ही नोंद मुकादमाच्या वहीत. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा झाला आणि नोंदीत मालकाने मजुरी व तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने ती कामगाराला द्यायची, अशी व्यवस्था आली. कायदा चांगला आहे. पण कायद्यालाही शेवटी नोंदच लागते. ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती माणसाचा दिवस.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी (ठिकाणाचे नाव येथे घेत नाही) ठेकेदाराने वही बंद केली आणि हजेरी मोबाइलच्या अ‍ॅपवर सुरू केली. सर्वांना बरे वाटले; आम्हालाही वाटले, हे कबूल केले पाहिजे. पुढे ठेका बदलला. जुना ठेकेदार गेला, त्याच्याबरोबर अ‍ॅप गेले, आणि अ‍ॅपबरोबर तीन महिन्यांची हजेरी गेली. आम्ही विचारले, नोंद कुठे आहे? उत्तर आले, सर्व्हरवर. सर्व्हर कुठे आहे? हे कोणालाच सांगता येईना. सुनावणीत आमच्या बाजूने पुरावा काय उभा राहिला, तर एका म्हाताऱ्या हमालाने बिडीच्या बंडलाच्या कागदावर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा. त्या रेघांवर त्याच्या एकट्याचे पैसे निघाले. बाकीच्यांचे बुडाले.

त्या दिवसापासून आम्ही भेटेल त्याला विचारू लागलो, सर्व्हर म्हणजे काय हो?

अमरावतीच्या एस.टी. स्टँडवर चौकशीची खिडकी असते. आत एक माणूस बसलेला. तुम्ही विचारता, परतवाड्याची गाडी किती वाजता? तो सांगतो. तुम्ही गेलात की तो पुढच्याची वाट पाहतो. सर्व्हर म्हणजे असा वाट पाहत बसलेला प्रोग्राम. तुमच्या फोनमधला ब्राउझर हा विचारणारा, आणि विचारायचे व उत्तर द्यायचे जे ठरलेले बोल आहेत, त्यांचे नाव एचटीटीपी. जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९९० च्या अखेरीस अशी पहिली खिडकी उघडली. ती त्यांच्या टेबलावरच्या एका संगणकावर चालत असे, आणि कोणी चुकून तो बंद करू नये म्हणून त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. हे कळले तेव्हा आमची निम्मी भीती गेली. तशी चिठ्ठी आमच्याही कचेरीत लावता येईल! लावलीही आहे, झाडू मारणाऱ्या बाई ती वाचून प्लग सोडून देतात.

आता भाषा. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ च्या मे महिन्यात दहा दिवसांत उभी केली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झाले. पुढे बरीच वर्षे ही भाषा मुख्यतः ब्राउझरच्या आतच राबली. २००९ साली रायन डाल ह्या तरुणाने क्रोम ब्राउझरमधले तिचे इंजिन बाहेर काढून सर्व्हरच्या कामाला जुंपले आणि त्या जोडणीला नोड असे नाव दिले. नोड फुकट मिळते आणि त्याची सगळी आतली रचना वाचायला उघडी आहे.

डाल ह्यांची मूळ कल्पना अकोल्याच्या बाजारातल्या कोणत्याही चहावाल्या पोऱ्याला ठाऊक आहे. पोऱ्या एका अडतीवर जातो, चार चहा सांगितले की भट्टीवर आवाज देतो, आणि तिथे उभा राहत नाही. लगेच दुसऱ्या अडतीवर जातो, तिसऱ्या जातो. किटली भरली की मालक हाक मारतो. मग ज्याचा चहा त्याला. एकच पोऱ्या सबंध गल्ली सांभाळतो. पूर्वीच्या बऱ्याच सर्व्हरांची रीत अशी होती की प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक पोऱ्या, आणि तो चहा उकळेपर्यंत भट्टीपाशी उभा. गिऱ्हाइके हजार झाली की उभे राहणारेही हजार, आणि हॉटेलात पाय ठेवायला जागा नाही. संगणकात भट्टी म्हणजे डिस्क किंवा दुसरा दूरचा संगणक. तिथून माहिती येईपर्यंतचा बहुतेक काळ नुसत्या वाट पाहण्याचा असतो. तो काळ पोऱ्याने भट्टीपाशी उभे राहून घालवू नये, इतकीच युक्ती.

मात्र ह्या पोऱ्यालाच कोणी खाली बसवून वर्षाचा हिशेब जुळवायला लावला, तर सगळी गल्ली चहावाचून राहते. आम्ही हेच केले होते. जो कोणी आपली मजुरी पाहील, त्याच्यासाठी सबंध वर्षाची सगळ्यांची बेरीज तिथल्या तिथे करायची, असे आम्ही लिहिले. एरवी चालले. पगाराच्या दिवशी सगळ्यांनी एकदम फोन काढले आणि सगळ्यांच्या फोनवर ते चक्र गोल गोल फिरत राहिले. आता बेरजा रात्रीच करून फाइलीत लिहून ठेवतो. दिवसा फक्त काढून द्यायचे.

मांडणी कशी केली ते थोडक्यात. एका वकिलाने टाकून दिलेला संगणक घेतला. नोडच्या अधिकृत संकेतस्थळावरून दीर्घ मुदतीची म्हणून दिलेली आवृत्ती उतरवून घेतली. साध्या लेखन-प्रोग्राममध्ये एक फाइल केली. पहिल्या ओळीत नोडला सांगायचे की तुझ्यापाशी असलेले एचटीटीपीचे अवजार दे. मग ‘क्रिएट सर्व्हर’ म्हणून खिडकी करायची आणि तिच्यात लिहायचे की कोणी आले तर काय द्यायचे. शेवटच्या ओळीत ‘लिसन’, म्हणजे कान दे, आणि त्यापुढे दाराचा क्रमांक. ह्या दाराला पोर्ट म्हणतात. आम्ही ३००० घेतले, कारण नेहमीचे ८० क्रमांकाचे दार बऱ्याच यंत्रांवर मालकी हक्कावाचून उघडत नाही. मग नोड असे लिहून पुढे फाइलीचे नाव. बस्स. त्याच संगणकावर ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे दाराचा क्रमांक लिहिला की पान येते. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. प्रत्येक संगणक स्वतःला ह्याच पत्त्याने ओळखतो. कचेरीच्या वाय-फायवर असलेल्या फोनांना मात्र संगणकाचा त्या घरातला पत्ता द्यावा लागतो.

पहिल्या दिवशी आम्ही पानावर फक्त ‘नमस्कार’ एवढेच लिहिले होते. पन्नाशी उलटलेली चार माणसे त्या एका शब्दाकडे किती वेळ पाहत बसली, ते सांगायला लाज वाटते.

आणि मग घोटाळा झाला. चूक सर्वस्वी आमची.

हजेरीची यादी आम्ही खिडकीत ठेवली. ९६ माणसे, टोळीवार. पहिली टोळी जुन्यांची, पुढच्या नव्यांच्या. लोकांनी फोनवर पान उघडले तर पस्तिसाव्या नावाच्या अर्ध्यात यादी तुटलेली. खाली काही नाही. नव्या टोळ्यांतला एकही माणूस यादीत नाही! त्या सुमारास नव्या टोळ्यांचे आणि आमचे कामवाटपावरून वाजलेलेच होते. अर्ध्या तासात कचेरीसमोर गर्दी. एक जण पुढे होऊन म्हणाला, “काऊन भाऊ, आमचे नावं कोनं काटले?” ज्यांनी ठेकेदाराला हाच प्रश्न विचारला होता, त्या आम्हाला आता तोच प्रश्न. उत्तर आमच्यापाशी नव्हते. तेवढ्यात कोणीतरी कपाटातली कागदी वही काढली, आणि आम्ही पायरीवर उभे राहून ९६ नावे हजेरीसकट मोठ्याने वाचली. मग लोक शांत झाले. शांत झाले म्हणजे घरी गेले. काहींच्या मनातला संशय पुढे महिनाभर गेला नाही.

दोष सापडला तो आमच्या एका मापाऱ्याच्या मुलीला. ती अमरावतीला शिकते. तिने फाइल पाहिली आणि म्हणाली, “काका, तुम्ही अक्षरे मोजली. यंत्र बाइट मोजते.” झाले होते असे. सर्व्हर उत्तराबरोबर मजकुराची लांबी कळवू शकतो. तेवढे आले की ब्राउझर थांबतो. इंग्रजी पुस्तकात पाहून आम्ही ती ओळ लिहिली होती आणि लांबी म्हणून अक्षरांची संख्या दिली होती. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते, म्हणून पुस्तकातले उदाहरण बिनचूक चालते. देवनागरीला आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना तीन, वेलांटी तीन, देवनागरी आकडाही तीन. ‘अमरावती’ हा शब्द सात चिन्हांचा, पण एकवीस बाइटांचा. लांबी सात म्हणून सांगितली तर ‘अम’ एवढेच पोचते आणि पुढे एक तुटका तुकडा. आमच्या यादीचा असाच एक-तृतीयांशाहून किंचित अधिक भाग पोचला होता. आम्ही ती ओळ काढून टाकली. लांबी नोड स्वतः बरोबर सांभाळतो. आणि मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगणारी ओळ घातली, कारण तीवाचून काही फोनांवर मराठीच्या जागी भलतीच चिन्हे उमटत होती.

मुलगी गेल्यावर आमच्या मनात आले, इंग्रजीत नावे लिहिली असती तर ही वेळ आली नसती. पण मग आमच्यातल्या कितीजणांना आपले नाव वाचता आले असते?

कागदी वही आम्ही बंद केली नाही. रोज संध्याकाळी वहीवरूनच संगणकात भरतो, आणि महिन्याला छापलेली यादी भिंतीवर लावतो.

आता कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाने मिळवले काय? कोल्हापूरकडे वारणानगरला १९९८ साली सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा मोठा प्रकल्प झाला. त्याचे पुढे काय दिसले, तर शेतकरी मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि आपला हिशेब पाहायला येत. पुढे २००६-०७ च्या सुमारास तेच काम साध्या मोबाइलच्या संदेशांवर करण्याचा प्रयोग तिथे झाला. कष्टकऱ्याला यंत्राकडून फार काही नको असते. माझे किती भरले आणि माझे किती निघतात, ह्या दोन गोष्टी त्याला मधल्या माणसाला न विचारता कळाव्या. तेवढ्याला दहा ओळी पुरतात. ‘दीनबंधु’ पत्र १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ते चालवू लागले. लोखंडे पुढे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी झाले. त्यांना छापखान्याची कटकट चुकली नसेल, आम्हाला ह्या यंत्राची चुकत नाही.

कटकटी पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याखालचा संगणक दुपारी मान टाकतो. वीज जाते, आल्यावर सर्व्हर आपोआप उठेल अशी तजवीज करावी लागली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, मागेल त्याला मागेल ती फाइल काढून देणारा सर्व्हर लिहू नये. पत्त्यात दोन टिंबे घालून एक पायरी मागे, आणखी एक पायरी मागे, असे करत माणूस सबंध कपाटात शिरू शकतो. आम्ही कोणत्या फाइली द्यायच्या त्यांची नावेच लिहून ठेवली आहेत. त्यांपलीकडे काही मागितले तर ‘सापडले नाही’ हे ४०४ क्रमांकाचे उत्तर. आधी सर्वांची हजेरी सर्वांना दिसत असे. आता प्रत्येकाला आपल्या खुणेच्या शब्दाने आपलीच दिसते. बाहेरच्या जगाला ही खिडकी आम्ही उघडलेली नाही. घरी बसून दिसत नाही अशी तक्रार येते. कचेरीत या, चहा घ्या आणि पाहा, असे सांगतो.

लोकांनी लिहिलेली तयार अवजारे घेण्याचा मोह होतो. नोडवाल्यांचे तसे एक मोठे कोठार आहे. २०१६ च्या मार्चमध्ये एका कार्यकर्त्याने नावाच्या वादावरून आपल्या सगळ्या वस्तू त्या कोठारातून काढून घेतल्या. त्यांत अकरा ओळींचे एक चिमुकले अवजार होते, शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणारे. त्याच्यावाचून जगभर हजारो कामे अडली, आणि कोठाराच्या चालकांना ते काही तासांतच परत आणून ठेवावे लागले. फुकट राबणाऱ्या एका माणसाने अकरा ओळींपुरता हात आखडला, त्याचा हा परिणाम. हरताळ म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको! पण आमच्या हजेरीची खिडकी दुसऱ्याच्या हरताळाने बंद पडू नये, म्हणून आम्ही नोडच्या अंगच्या अवजारांपलीकडे काही घेतलेले नाही.

तो संगणक आम्ही आज बरोबर आणला आहे. व्यासपीठाच्या डाव्या हाताला टेबलावर चालू आहे. त्याच्यावर आजच्या सभेपुरते एक पान ठेवले आहे, त्यात कोणाची हजेरी नाही. फोन त्याच्या वाय-फायला जोडा. पत्ता पुठ्ठ्यावर लिहिला आहे. मापाऱ्याची ती मुलगी तिथेच बसली आहे, बारा ओळींची फाइल ती उघडून दाखवील. ज्यांच्या गावी आपली वही दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे, त्यांनी तिच्याकडून उतरवून घ्यावी. प्लगला मात्र कोणी हात लावू नका.