कुजबुज आणि साक्ष
(कार्यकर्त्यांच्या कायदा-शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



अब्रूनुकसानीचे खटले हा वकिलांचा विषय, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काहीजणींना वाटत असेल. पण आपण पत्रके काढतो, मोर्चात घोषणा देतो, फलक रंगवतो, अंक छापतो आणि हल्ली गटाच्या फोनवर आलेला मजकूर पुढे पाठवतो. यातल्या प्रत्येक गोष्टीवरून खटला होऊ शकतो. खटला भरणारा पुढारी असला तर त्याच्याकडे वकील, पैसा आणि वेळ तिन्ही असतात. आपल्याकडे तिन्हींची टंचाई.

आधी 'अब्रू' हा शब्दच बघू. पुरुषाची अब्रू म्हणजे त्याचे समाजातले नाव, त्याची पत. बाईची अब्रू म्हणजे तिचे शरीर. बलात्काराची बातमी 'अब्रू लुटली' अशा शब्दांत देणारी वर्तमानपत्रे आपण सगळ्यांनी वाचली आहेत. म्हणून एखाद्या पुढाऱ्याचे 'अमुक बाईशी आहे' अशी कुजबुज सुरू होते तेव्हा दोघांचे नुकसान सारखे नसते. तो कोर्टात जातो, निवडणूकही लढवतो. त्या बाईकडे मात्र गल्लीतले लोक बोट दाखवत राहतात.

याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडमधले आहे. आपला अब्रूनुकसानीचा कायदा इंग्रजांनीच आणलेला, त्यामुळे ते आपल्याला फार परके नाही. १९९३ च्या जानेवारीत 'न्यू स्टेट्समन' या डाव्या विचारांच्या साप्ताहिकाने पंतप्रधान जॉन मेजर यांच्याविषयीच्या एका अफवेवर लेख छापला. 'स्कॅलीवॅग' नावाच्या छोट्या मासिकानेही ती छापली होती. अफवा अशी की, सरकारी निवासस्थानी जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्या एका व्यावसायिक बाईंशी त्यांचे संबंध आहेत. साप्ताहिकाचे म्हणणे, आम्ही अफवा खरी आहे असे म्हटलेलेच नाही, अशी अफवा आहे एवढेच सांगितले. मेजर आणि त्या बाई, दोघांनीही दावे लावले. साप्ताहिकाला तडजोड करावी लागली, छापणाऱ्यांना आणि वितरकांनाही झळ बसली, आणि वकिलांच्या खर्चाने साप्ताहिक बंद पडायच्या बेतात आले.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. २००२ साली एडविना करी या त्यांच्याच पक्षाच्या माजी मंत्रीबाईंनी आपली रोजनिशी प्रसिद्ध केली. १९८४ ते १९८८ या काळात मेजर यांचे आपल्याशी संबंध होते, असे त्यांनी स्वतःच्या नावाने सांगितले आणि मेजर यांनी ते कबूल केले. म्हणजे पुढाऱ्याच्या आयुष्यात लपवण्यासारखे काही होतेच. पण कुजबुजीने बोट दाखवले ते भलत्याच बाईकडे, कारण ती त्यांच्या घरी कामानिमित्त येत-जात होती. कामाला बाहेर पडणाऱ्या बाईवर संशय घेणे किती सोपे असते हे मी तुम्हाला सांगायला नको. खरे बाहेर आले ते एक बाई 'हे माझ्या बाबतीत घडले' असे म्हणाली तेव्हा.

माझा आजचा मुद्दा हाच आहे. कुजबुज वेगळी आणि साक्ष वेगळी. कुजबुजीला मालक नसतो, 'लोक म्हणतात' हाच तिचा कर्ता. साक्षीमागे एक माणूस उभे असते, नाव घेऊन, तारीख सांगून, उलटतपासणीला तयार होऊन. कायद्याच्या दारात मात्र दोघींना एकाच कलमाखाली खेचले जाते. म्हणून हा फरक आपल्याला आधीच करून ठेवावा लागतो.

आता कलम बघू. भारतीय दंडविधानातले जुने ४९९ आणि ५०० हे आपल्या ओळखीचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिथे हेच कलम ३५६ म्हणून आले. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेचाही पर्याय आहे. कलमातली उदाहरणे मुद्दाम वाचा. घड्याळ कोणी चोरले असे विचारल्यावर कोणी नुसते एखाद्याकडे बोट दाखवले, तरी ती बदनामी. 'तो तर फार प्रामाणिक, त्याने घड्याळ चोरलेच नाही' असे टोमण्यात म्हटले, तरी ती बदनामी. घड्याळ घेऊन पळणाऱ्या माणसाचे चित्र काढले तरीही. म्हणजे नाव न घेता मारलेला टोला, फलकावरचे व्यंगचित्र, 'असे ऐकिवात आहे' ही मखलाशी, यातले काहीच आपल्याला वाचवत नाही.

वाचवते काय? कलमाला दहा अपवाद आहेत. पहिला, सांगितलेले खरे असले आणि ते सांगणे लोकहिताचे असले तर. फौजदारीत नुसते खरे असून भागत नाही, लोकहितही लागते. लोकसेवकाच्या सरकारी कामातल्या वागणुकीबद्दल सद्भावनेने मत मांडता येते. आणि आठवा अपवाद आपल्या फार कामाचा: योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नाही. सद्भावना म्हणजे मन निर्मळ असणे नव्हे. कायद्याच्या भाषेत तिचा अर्थ, पुरेशी काळजी घेऊन केलेले. १९९४ साली राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच म्हटले. सरकारी पदावरच्या माणसाने आपल्या कामाविषयीच्या लिखाणावरून भरपाई मागितली, तर लिहिणाऱ्याने वाजवी पडताळणी केली होती एवढे दाखवले की पुरे.

पडताळणी नसली की काय होते? १९९८ साली तेव्हाचे समाजकल्याण मंत्री बबनराव घोलप यांनी भरलेल्या खटल्यात अण्णा हजारे यांना तीन महिन्यांची साधी कैद झाली आणि येरवड्याला जावे लागले. लोक रस्त्यावर आले, सरकारला त्यांना लवकर सोडावे लागले. पण कोर्टात लोकप्रियता हा पुरावा होत नाही. तिथे कागद लागतो. आणि आपल्यातल्या एखाद्या कार्यकर्तीला शिक्षा झाली तर तिच्यासाठी सारा महाराष्ट्र रस्त्यावर येणार नाही.

आता दुसरी बाजू. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पत्रकार प्रिया रमाणी यांनी एम. जे. अकबर यांचे नाव घेऊन लैंगिक छळाचा आरोप केला. अकबर तेव्हा केंद्रात राज्यमंत्री होते. आणखी अनेकजणी बोलल्या, त्यांना पद सोडावे लागले, पण त्यांनी खटला भरला तो रमाणींवर. बलाढ्य माणसाची ही रीतच. अनेकींपैकी एकीला गाठायचे, म्हणजे बाकीच्या गप्प होतात. पण इथे तसे झाले नाही. गझाला वहाब साक्षीला उभ्या राहिल्या, रमाणींनी ज्या मैत्रिणीला त्याच वेळी सगळे सांगितले होते त्याही आल्या. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडले. बाईच्या जगण्याच्या आणि प्रतिष्ठेच्या हक्काचा बळी देऊन कोणाचा नावलौकिक राखता येणार नाही, आणि कित्येक वर्षांनंतरही तिला आपले म्हणणे मांडता येते, असे न्यायालयाने म्हटले. अकबर यांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात अपील केले. सव्वादोन वर्षे तारखांना हजर राहणे हीसुद्धा शिक्षाच होती, हे विसरू नका.

बदनामी हा फौजदारी गुन्हा असूच नये, असे माझे मत आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो घटनेला धरून आहे असा निर्णय दिला, तेव्हा ही मागणी आता संसदेकडेच करावी लागेल. तोवर काय करायचे, ते थोडक्यात सांगते.

पुढाऱ्याबद्दल काही कानावर आले तर पहिला प्रश्न, हे कोण सांगते आहे, आणि ती व्यक्ती स्वतःच्या नावाने सांगेल का? दुसरा, हे त्याच्या पदाशी, सत्तेच्या गैरवापराशी संबंधित आहे की नुसते शय्यागृहातले आहे? दोघांच्या राजीखुशीचा मामला असेल तर तो आपला विषय नाही. तिसरा, यात कोणा बाईचे नाव ओढले जाते आहे का, आणि तिला विचारले आहे का? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत छापू नका, फोनवर पुढे पाठवू नका. पुढे पाठवणे हेही प्रसिद्ध करणेच आहे.

एखादी बाई स्वतः बोलायला आली तर तिचे म्हणणे तिच्या शब्दांत, तारखांसह लिहून घ्या. त्या वेळी तिने कोणाला सांगितले होते ते विचारा. चिठ्ठ्या, निरोप, रजेचे अर्ज जपून ठेवा. आधी तक्रार योग्य ठिकाणी जाऊ द्या: अंतर्गत समिती, पोलीस, महिला आयोग. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख छापणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वकिलाची नोटीस आली तर घाबरून माफीनामा लिहून देऊ नका आणि तावातावाने उत्तरही पाठवू नका. हा गुन्हा जामीनपात्र आहे, पोलीस वॉरंटशिवाय धरून नेऊ शकत नाहीत. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दंडाधिकाऱ्याने दखल घेण्याआधी आपले म्हणणे ऐकायचे असते. ती तारीख चुकवू नका.

काहीजणी म्हणतील, पुढाऱ्यांबद्दल एवढी काळजी कशाला? ती पुढाऱ्यांसाठी नाहीच. आपल्या गावोगावच्या बायका आता सरपंच आहेत, पंचायत समितीत आहेत. त्यांना खाली खेचायचे तर हिशेबातली चूक शोधत बसावे लागत नाही, 'ग्रामसेवकाबरोबर फार हिंडते' एवढे चावडीवर सोडले की पुरते. कुजबुज हे आपल्याविरुद्धचे जुने हत्यार आहे. ते आपण विरोधकावर उगारले, तर उद्या तेच आपल्या सरपंचबाईवर उगारले जाईल तेव्हा कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून प्रत्येक गटाने एक वही घालावी. आलेली माहिती कोणी सांगितली, कधी, आणि कोणी पडताळली, एवढे तीनच रकाने. ज्या मजकुराचे तिन्ही रकाने भरतील त्याच्यामागे सगळ्यांनी उभे राहायचे, कोर्टाची पायरी चढावी लागली तरी. आणि जो भरणार नाही, तो वहीतच राहू द्यायचा.