'कमला'तला बंगला आणि आपली लिफ्ट



प्रीस्टलींच्या 'अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स' या नाटकात श्रीमंत घरातली माणसं ज्या मुलीच्या मरणाला हातभार लावतात, ती मुलगी रंगमंचावर येतच नाही. आपल्या पार्ल्याच्या विजय तेंडुलकरांनी मात्र 'कमला' या नाटकात विकत घेतलेली बाई थेट बंगल्याच्या दिवाणखान्यात आणून बसवली.

1981 साली 'इंडियन एक्सप्रेस'च्या अश्विनी सरीन यांनी बायकांची विक्री होते हे सिद्ध करण्यासाठी 2300 रुपये मोजून एक स्त्री खरेदी केली. बातमीनं देश हादरला. तेंडुलकरांनी नाटकात नजर रोखली ती बातमीदारावर. त्यांचा बातमीदार जयसिंग जाधव दिल्लीच्या नीती बागेत राहतो आणि कमलाला अडीचशे रुपयांना घेऊन येतो.

जयसिंग धाडसी पत्रकार आहे, अन्यायाची त्याला खरीखुरी चीड आहे. तरी पत्रकार परिषद होईपर्यंत कमलानं आंघोळ करायची नाही, अंगावरचं फाटकं लुगडं बदलायचं नाही, अशी त्याची ताकीद. तिची दैना जितकी उघडी, तितका याचा पुरावा भक्कम! परिषदेत पत्रकार तिला नको ते विचारतात, हसतात. काम झाल्यावर तिची रवानगी आश्रमात. तिला काय हवंय हे जयसिंग विचारत नाही आणि विचारायचं राहिलं हेही त्याला जाणवत नाही. मला हे फार बोचतं.

कमला मात्र विचार करते. मालकानं तुला कितीला घेतलं, असं ती जयसिंगच्या बायकोला, सरिताला, सरळ विचारते. मग वाटणी सुचवते: कष्टाची कामं माझी, हिशेबठिशेब तुझा, मालकाजवळ महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस. ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या घरात सगळ्यांनी मिळून कसं नांदायचं, याचा विचार करणारी ती एकटीच आहे.

त्या प्रश्नानं सरिता मुळापासून हलते. नवऱ्याला उघडं पाडायचं ठरवते. तेवढ्यात त्याची नोकरी जाते आणि ती त्याला सावरायला थांबते, निश्चय पुढच्या दिवसासाठी राखून. कमलाला आश्रमात धाडतानाही तिनं विरोध केला होता, तो टिकला नाही. तेंडुलकर तिलाही सोडत नाहीत, म्हणून मला ते मोठे वाटतात.

न विचारण्याची हीच सवय पाहायला आता मुलुंड, घाटकोपर, अंधेरीच्या टॉवरांकडे या. कित्येक ठिकाणी घरकाम करणाऱ्या बायकांनी सामानाच्या लिफ्टनं जायचं असतं. आपण भली माणसं आहोत. दिवाळीला साडी देतो, अडीनडीला मुलांची फी भरतो. पण लिफ्टचा नियम सोसायटीच्या सभेत ठरला, तेव्हा त्यांच्यापैकी कुणाला विचारलं होतं? विचारायची सुरुवात नोंदणीपासून करता येईल. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. 18 ते 60 वयाच्या घरकामगारांना या मंडळाकडे नोंदणी करता येते. आपल्याकडे काम करणाऱ्या मावशींची नोंदणी झाली आहे का? नसेल, तर त्यांना हवी आहे का हे उद्या सकाळी विचारा. आणि हवी असेल, तर फॉर्म भरायला सोबत जा.