विद्युत् गिटारचा नाद आणि आजची मॉडेलर यंत्रे
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या संमेलनात विद्या, विवाह, उद्योग या विषयांवर भाषणे होतात. गिटारवर आजवर झाले नाही. यंदा चिटणीसांनी हा विषय आम्हांस मुद्दाम दिला, आणि त्यास कारण आहे. आपल्या सभासद कुटुंबांपैकी कित्येक घरांत आज विद्युत् गिटार आली आहे. तिच्यासोबत 'मॉडेलर' नावाची एक पेटी आली आहे, आणि त्या पेटीवरून बापलेकांत वाद आहे. मुलगा म्हणतो, आवाज चांगला येत नाही, भारी पेटी घेऊन द्या. वडील म्हणतात, पहिलीचेच हप्ते अजून फिटावयाचे आहेत. शाळेच्या वाद्यवृंदाचे काम अनेक वर्षे आमच्याकडे असल्यामुळे असे खटले आमच्यापुढे पुष्कळ आले. आमचे मत असे की, बहुतेक प्रसंगी दोष पेटीत नसतो व मुलाच्या हातातही नसतो. तो जोडणीत आणि ऐकण्यात असतो, आणि तो काढण्यास एक रुपयाही लागत नाही.

विद्युत् गिटार म्हणजे बहुधा एक भरीव लाकडी फळी. तिच्या अंगी स्वतःचा आवाज फार थोडा. तारांखाली चुंबक व तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार हलली की त्यात क्षीण वीज उत्पन्न होते. ती वीज अँप्लिफायरने वाढवावयाची व स्पीकरने वाजवावयाची. म्हणजे अँप्लिफायर आणि स्पीकर ही या वाद्याची जोडसामग्री नव्हे, तो वाद्याचाच अर्धा भाग होय. हे ज्याने ध्यानात घेतले, त्याचे अर्धे काम झाले.

आपल्या संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत नादाचे तीन धर्म सांगितलेले असतात: उंचनीचपणा, लहानमोठेपणा आणि नादाची जात. (जात हा शब्द तेथे आपल्या संस्थेच्या घटनेतील अर्थाने नाही, हे सांगणे नलगे.) एकच षड्ज सनईवर व सतारीवर वाजला तरी डोळे मिटून आपण वाद्य ओळखतो, ते मुख्य नादाबरोबर निघणाऱ्या सहायक नादांच्या कमीअधिक प्रमाणामुळे. काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर मर्यादेपलीकडे ताणले म्हणजे ध्वनिलहरींची शिखरे दबून गोलसर होतात आणि नवे सहायक नाद उत्पन्न होतात. यंत्रशास्त्र्यांच्या लेखी हा दोष. वादकांना मात्र तोच आवडला. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवतात, तोही एका अर्थी तारेच्या मोकळ्या कंपनात आणलेला अडथळाच. पण त्या अडथळ्यानेच जवारी लागते व तानपुरा बोलू लागतो. १९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानात, अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या 'बेसमन'ची विद्युन्मंडलरचना पुढे ठेवून जे अँप्लिफायर तयार झाले, त्याची ख्याती या ताणलेल्या आवाजामुळेच झाली.

आता स्पीकरकडे वळू, कारण खरी मेख येथे आहे. गिटारचा स्पीकर बहुधा १२ इंच व्यासाचा असतो व त्यास बारीक आवाजाची वेगळी शिट्टी जोडलेली नसते. सेकंदाला सुमारे ५,००० कंपनांच्या पुढे त्याचा आवाज झपाट्याने उतरतो. ही उणीव वाटते, परंतु ती गाळणी आहे. ताणलेल्या आवाजातील कर्कश भाग या गाळणीत अडकतो आणि कानास रुचेल तेवढेच पलीकडे जाते. सभागृहाचे स्पीकर असे नसतात. ते भाषणासाठी व ध्वनिमुद्रित संगीतासाठी केलेले असल्यामुळे १५,००० कंपनांच्या पुढचेही निर्विकारपणे ऐकवतात. ताणलेली गिटार गाळल्यावाचून त्यांत सोडली की मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा आवाज येतो.

मॉडेलर हे यंत्र ही सारी साखळी गणिताने उभी करते. गिटारमधून येणारी वीज ते सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजते, त्या आकड्यांवर व्हॉल्व्हच्या वागणुकीची समीकरणे चालवते आणि पुन्हा वीज बाहेर देते. १९९८ साली लाइन ६ या अमेरिकन कंपनीने घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची 'पॉड' नावाची तांबडी पेटी काढली, तेव्हापासून ही यंत्रे घरोघर जाऊ लागली. २०११ साली जर्मनीतील केंपर यांचे यंत्र आले. ते खऱ्या अँप्लिफायरमधून चाचणीचे ध्वनी सोडून त्याची प्रतिमा उतरवून घेते. पुढे 'न्यूरल अँप मॉडेलर' ही संगणकावर चालणारी आज्ञावली स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. तेव्हा उत्तम अँप्लिफायरचा आवाज आता केवळ लाख-दोन लाखांच्या यंत्रातच मिळतो, ही समजूत सोडावी.

स्पीकरची गाळणी या यंत्रांत 'आयआर' नावाच्या विभागात असते. देवळाच्या गाभाऱ्यात एक टाळी वाजवली तर तिच्या घुमण्यात गाभाऱ्याचा सारा स्वभाव उमटतो. तद्वत् स्पीकरच्या खोक्याला एक क्षणिक धक्का देऊन समोरच्या मायक्रोफोनने जे टिपले, तो त्या खोक्याचा ठसा. २,०४८ आकड्यांचा ठसा म्हणजे केवळ ४३ सहस्रांश सेकंदांचा ध्वनी! परंतु आमच्या अनुभवाप्रमाणे अँप्लिफायर बदलण्यापेक्षा हा ठसा बदलल्याने आवाजात अधिक फरक पडतो. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यावर असेल तर आवाज तीक्ष्ण येतो, कडेला नेला तर मऊ. मुलांनी प्रथम येथे वेळ खर्चावा.

गेल्या वर्षी याच सभागृहात आपल्या एका सभासदाच्या मुलाने गिटार वाजवली, ती आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. आवाज किरकिरा आला, काही मंडळी हसली. त्या मुलाने त्यानंतर वाद्यास हात लावलेला नाही व आता ते विकावयास काढले आहे, असे त्याच्या मातुःश्रींकडून कळते. त्याचे यंत्र आम्ही मागवून पाहिले. घरी तो ते गिटारच्या खऱ्या अँप्लिफायरला जोडतो, म्हणून ठशाचा विभाग त्याने बंद ठेवला होता, आणि घरापुरते ते योग्यच होते. येथे तीच तार थेट सभागृहाच्या यंत्रणेत खोचण्यात आली. एक बटन चालू करावयाचे राहिले, एवढीच गोष्ट. त्याची बोटे तयार आहेत, ताल पक्का आहे. सभेने हसावयास नको होते, हे आम्ही येथे स्पष्ट सांगतो. याच्या उलटही घडते: ठसा चालू ठेवून यंत्र गिटारच्या अँप्लिफायरला जोडले तर दोन गाळण्या लागतात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा बसका होतो.

दुसरी गोष्ट कानाची. १९३३ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवले की, ध्वनी लहान असता आपला कान खर्ज व अतितार नाद कमी ग्रहण करतो. ध्वनी वाढला की ते भरून निघतात. रात्री घरची मंडळी निजल्यावर मुलगा हळू आवाजात खर्ज आणि तीक्ष्णपणा चढवून ठेवतो. त्या वेळी ते गोड लागते. तीच मांडणी सभागृहात मोठ्या आवाजात घुमते आणि टोचते. म्हणून ज्या आवाजात वाजवावयाचे त्याच आवाजात मांडणी करावी. ते शक्य नसेल तर बास व ट्रेबल दोन्ही जरा उतरवून ठेवावेत. मध्यम स्वर मात्र काढू नयेत, कारण इतर वाद्यांत गिटार ऐकू येते ती त्यांच्याच बळावर. गिटारची सर्वांत खर्जाची तार ८२ कंपनांची आहे. तेव्हा ८० च्या खालचे काढून टाकल्यास काही बिघडत नाही, आणि वरून ७,००० च्या आसपास कात्री लावावी.

तिसरी गोष्ट 'गेन'ची, म्हणजे ताणाची. येथे तरुणांचा हात सैल सुटतो. ताण जितका अधिक तितका हलका आघात व जड आघात यांतील भेद पुसला जातो, आणि भेद पुसला की वादक पुसला जातो. परीक्षा सोपी आहे: गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटन १० वरून ५ वर आणावे. आवाज निवळला तर ताण योग्य. तरीही गुरगुरत राहिला तर उतरवावा. या बाबतीत भारी यंत्रही साहाय्य करीत नाही.

उरलेल्या बाबी थोडक्यात सांगतो. गिटारची तार वाद्यासाठी असलेल्या भोकातच खोचावी. सामान्य मायक्रोफोनच्या भोकात ती मंदावते. जोराच्या आघातालाही लाल दिवा लागणार नाही इतकीच पातळी ठेवावी, कारण आकड्यांची मर्यादा ओलांडली गेली की व्हॉल्व्हसारखी मृदू दबत नाही, कडकन तुटते. हेडफोन तारेचाच घ्यावा. ब्लूटूथने आवाज कानी येईपर्यंत बोट पुढच्या स्वरावर गेलेले असते आणि मुलगा उगाच ताल बिघडल्याचे समजतो.

पालकांस एक विनंती. नवी पेटी नाकारण्यास आमचे भाषण पुढे करावे, त्यास हरकत नाही; पण नाकारण्यापूर्वी मुलाजवळ अर्धा तास बसून, तो ठसे बदलत असता कोणता बरा वाटतो ते आपल्या कानाने सांगावे. दुसऱ्याचा ताजा कान हे या कामातील मोठे साधन आहे.

आज अल्पोपाहारानंतर सभागृहाची ध्वनियंत्रणा तासभर आमच्या हाती देण्याचे चिटणीसांनी कबूल केले आहे. ज्यांनी यंत्रे बरोबर आणली असतील त्यांनी ती तारांसह व्यासपीठाच्या डाव्या बाजूस ठेवावीत. प्रत्येकाची जोडणी आम्ही क्रमाने पाहू.